यंत्रदुरुस्तीची विद्या : झाकली मूठ की मोकळा हात?

गाळपाचा हंगाम ऐन भरात आला म्हणजे बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर हा भाग बागायती झाला, त्यास शंभराहून अधिक वर्षे लोटली. कन्हेरी-काटेवाडीच्या शिवारातील ऊस पूर्वी बैलगाडीने जात असे. आज त्यातील पुष्कळसा ट्रॅक्टरने जातो. बैल थकला तर त्यास विसावा देता येई. ट्रॅक्टर थांबला म्हणजे मात्र मागील सारे काम थांबते. ऊस तोडल्यापासून गाळप होईपर्यंत जितका अधिक वेळ जाईल तितके त्याचे वजन घटते व साखरेचा उतारा उतरतो. अर्थात, वाटेत बंद पडलेल्या यंत्राचा प्रत्येक तास शेतकऱ्याच्या पदरातून जात असतो.

अशा वेळी चालक काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. पूर्वी तो जवळच्या गॅरेजातील मिस्त्रीकडे निरोप धाडी आणि त्याची वाट पाहत बसे. आता तो प्रथम खिशातील मोबाईल काढतो आणि आपल्या ट्रॅक्टरचे नाव घालून दुरुस्तीची चित्रफीत शोधतो. मराठीत व हिंदीत अशा फिती विपुल झाल्या आहेत. त्यांतील कित्येक स्वतः मिस्त्रींनीच तयार केलेल्या असतात. इंजिन उघडून, भाग हातात धरून, कोणता नट कोठे ढिला करावा हे ते दाखवितात आणि त्याबद्दल पाहणाऱ्याकडून एक पैसाही घेत नाहीत.

ही गोष्ट सर्वांनाच रुचते असे नाही. धंद्यातील विद्या धंद्यातच राहावी, ती अशी चव्हाट्यावर मांडू नये, असे मानणारे मिस्त्री गावोगाव आहेत. उलट, ज्ञान दिल्याने वाढते, मग ते दडवून ठेवण्यात अर्थ काय, असे विचारणारेही आहेत. हा वाद केवळ गॅरेजवाल्यांचा नाही. ज्याची शेती यंत्रावर अवलंबून आहे अशा प्रत्येक शेतकऱ्याचा आणि त्याच्यासाठी झटणाऱ्या ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याचा तो प्रश्न आहे.

मिस्त्रीची बाजू

प्रथम मिस्त्रीचे म्हणणे न्यायबुद्धीने ऐकून घेतले पाहिजे. जुन्या गावगाड्यात लोहार व सुतार हे बलुतेदार होते. नांगराच्या फाळाला पाणी कसे द्यावे, तापलेल्या लोखंडाचा रंग कोणता झाला म्हणजे ते पाण्यात बुडवावे, गाडीच्या चाकावर धाव कशी चढवावी, ही विद्या त्यांच्या घरात बापाकडून मुलाकडे जात असे. ती घराबाहेर जात नसे हे खरे. परंतु त्या विद्येच्या मोबदल्यात सुगीच्या वेळी खळ्यावरून धान्याचे बलुते मिळण्याची रीत होती. विद्या घरात आणि पोट गावाच्या भरवशावर, असा तो व्यवहार होता.

या व्यवस्थेत मोठा दोष होता. लोहाराची विद्या लोहाराच्या मुलालाच मिळे. दुसऱ्या घरच्या मुलाची बुद्धी व आवड कितीही असली तरी ते दार त्यास बंद असे. एखाद्या कुशल कारागिराला वारस नसला म्हणजे त्याची हातोटी त्याच्याबरोबरच संपे. स्वातंत्र्यानंतर हे दार उघडण्याचे प्रयत्न झाले. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, पुढे १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक हे व्यवसाय कोणत्याही जातीच्या मुलास शिकता येऊ लागले. धंद्याची विद्या ही एका घराची मालमत्ता नव्हे, हे तत्त्व यामुळे मान्य झाले.

तरीही गावच्या गॅरेजातील शिक्षण पुष्कळसे जुन्याच वळणाने चालते. उमेदवार पोरगा वर्ष-दोन वर्षे पाने पुसतो, चाके काढतो, डिझेलने भाग धुतो. टॅपेटचे अंतर लावण्याची किंवा पंपाचे टायमिंग जुळविण्याची वेळ आली म्हणजे उस्ताद त्यास चहा आणावयास पाठवितो, अशा हकिकती या धंद्यात सर्रास ऐकावयास मिळतात. त्या ऐकून उस्तादास दोष देणे सोपे आहे. परंतु आजच्या मिस्त्रीस बलुते मिळत नाही, पगार नाही, निवृत्तिवेतन नाही. त्याची हमी म्हणजे त्याच्या हातातील विद्या. ती शिकून उद्या त्याच पोराने समोरच्या बाजूस गॅरेज घातले, किंवा गिऱ्हाइकाने फीत पाहून स्वतःच काम उरकले, तर आपल्या मुलाबाळांनी काय खावे, हा त्याचा प्रश्न खोटा नाही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण तो केवळ हौसेने धरून बसलेला नाही. म्हणून त्याची मूठ उघडावी असे सांगणाऱ्याने ती उघडल्यावर तो जगणार कसा, याचेही उत्तर दिले पाहिजे.

विद्येचे तीन भाग

हे उत्तर शोधण्यासाठी, ज्यास सरसकट ‘दुरुस्तीची विद्या’ म्हटले जाते तिचे तीन भाग वेगळे केले पाहिजेत. ते एकत्र धरल्यामुळेच वाद वाढतो.

पहिला भाग निगेचा व रोग ओळखण्याचा आहे. धुराड्यातून काळा धूर येत असेल तर इंजिनावर भार जास्त आहे, डिझेल जास्त जात आहे किंवा एअर क्लीनर तुंबला आहे. निळसर धूर येत असेल तर इंजिनात ऑइल जळत आहे. पांढरा धूर टिकून राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरले आहे, अशी शंका घ्यावी. टाकीतील डिझेल संपून इंजिन बंद पडले तर नुसते डिझेल भरून ते चालू होत नाही, कारण नळ्यांत हवा शिरलेली असते. जुन्या पद्धतीच्या साध्या पंपाच्या इंजिनात फिल्टरवरील स्क्रू ढिला करून, हातपंपाने डिझेल ढकलून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी लागते. ऑइलवर चालणाऱ्या एअर क्लीनरची वाटी धुळीच्या कामात रोज पाहावी लागते. क्लचच्या पायपट्टीवर पाय ठेवून ट्रॅक्टर चालविल्यास प्लेट लवकर झिजते. या सर्व गोष्टी यंत्राबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत बहुधा छापलेल्या असतात. त्यांत धंद्याचे गुपित कसलेच नाही. जनावराचा ताप ओळखणे हे जसे प्रत्येक गोपालकाचे काम, तसेच हे यंत्रधारकाचे काम आहे. ही विद्या जितकी मोकळी होईल तितकी चांगली, याविषयी दुमत असू नये.

दुसरा भाग हाताच्या कसबाचा. आवाजावरून कोणते बेअरिंग गेले हे ओळखणे, गिअरबॉक्स उघडून प्रत्येक दात्याची झीज बोटाने जोखणे, पंप बाकावर चढवून प्रत्येक नोझलला सारखे डिझेल जाईल असे करणे, हे काम शंभर इंजिने उघडल्यावाचून येत नाही. पोहणे जसे काठावर बसून येत नाही तशीच ही गोष्ट आहे. फीत कितीही चांगली असली तरी नट किती आवळावा याचा अंदाज ती मनगटात घालू शकत नाही. मिस्त्रीची खरी ठेव ही आहे. ती कोणी चोरू शकत नाही आणि तीस झाकण्याचीही गरज नाही.

तिसरा भाग कंपनीच्या ताब्यातील माहितीचा. विजेच्या जोडणीचे नकाशे, संगणकाने चालणाऱ्या पंपाचे दोष सांगणारे आकडे, ते आकडे वाचणारे उपकरण आणि त्यातील प्रणाली हा तो भाग होय. गावच्या मिस्त्रीकडे यातील पुष्कळसे नसतेच. हा भाग दिवसेंदिवस वाढत असून वादाचे खरे मूळ येथे आहे.

शेतीतील अनुभव काय सांगतो?

विद्या मोकळी केल्याने काय होते, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नवे नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगराने जमीन नासते, असा समज त्या काळी शेतकऱ्यांत होता. नांगर खपविण्यापूर्वी नांगराविषयीचे ज्ञान पोचविणे भाग होते. १९२० साली या कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक काढले आणि कारखान्याच्या मालाची व कामाची माहिती मराठीतून वाचकांपुढे ठेवली. माहिती दिल्याने कारखान्याचा धंदा बसला नाही, तो वाढला.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढील वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली. ग्रामसेवक हा त्या योजनेचा कणा होता. संशोधन केंद्रावर सापडलेले ज्ञान एका शेतकऱ्यापुरते न ठेवता गावापर्यंत विनामूल्य न्यावे, हेच त्या सेवेचे मूलतत्त्व होते. बियाण्याची निवड, खताची मात्रा, कीड ओळखण्याच्या खुणा या गोष्टी ज्या न्यायाने सर्वांच्या झाल्या, त्याच न्यायाने ट्रॅक्टर व इंजिन यांच्या निगेची माहितीही सर्वांची व्हावयास हवी.

द्राक्षाचे उदाहरण तर अगदी जवळचे आहे. इंदापूर तालुक्यातील बोरी परिसर द्राक्षांसाठी ओळखला जातो. सांगली जिल्ह्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून ‘तास-ए-गणेश’ हा वाण निवडला. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ दिला. या वाणांच्या काड्या गावोगाव पोचल्या आणि त्यांवर हजारो बागा उभ्या राहिल्या. शोधकांची नावे मात्र पुसली गेली नाहीत. ती वाणाबरोबरच घेतली जातात. छाटणी, विरळणी व संजीवकांचा वापर यांविषयीचे अनुभव बागाईतदार आपल्या मेळाव्यांतून व चर्चासत्रांतून उघडपणे सांगतात.

परंतु येथे एक फरक मान्य केला पाहिजे. शेजाऱ्याच्या बागेत चांगला घड आला म्हणून आपल्या घडाची गोडी कमी होत नाही, आणि बाजार दूरवर पसरलेला असतो. मिस्त्रीची बाजारपेठ मात्र त्याच्या पंचक्रोशीपुरती असते. तेथील गिऱ्हाइकाने हवा काढणे, फिल्टर बदलणे, पट्टा ताणणे ही कामे स्वतः केली तर तेवढी मजुरी त्याच्या हातून जाते, हे नाकारून चालणार नाही.

तथापि हिशोबाची दुसरी बाजूही आहे. अशा किरकोळ कामांसाठी मोटारसायकलवरून पाच मैल जाऊन यावे लागते आणि तेवढा वेळ गॅरेजातील मोठे काम पडून राहते. ज्यास यंत्र थोडेफार कळते तो शेतकरी ते बिघडून संपूर्ण मोडण्यापूर्वीच मिस्त्रीकडे आणतो, आणि दोषाची लक्षणे नीट सांगतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे विश्वास. मूठ झाकलेली असली म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात संशय राहतो. हा भाग खरोखरच गेला होता की उगाच बदलला, अशी शंका घेत तो बिलात घासाघीस करतो. ज्यास कारण समजते तो बहुधा कामाचे दाम देताना कुरकुर करीत नाही. अज्ञानी गिऱ्हाइकापेक्षा जाणते गिऱ्हाईक हे कुशल मिस्त्रीस अधिक हिताचे असते. त्याच्याशी वाकडे असते ते फक्त अकुशल मिस्त्रीचे.

खरे कुलूप कोठे आहे?

आता तिसऱ्या भागाकडे वळू. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना धुराविषयीचे कडक नियम लागू झाले. हवा स्वच्छ राहावी हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु ते पाळण्यासाठी मोठ्या ट्रॅक्टरांत संगणकाने नियंत्रित होणारी, अतिदाबाने डिझेल फवारणारी यंत्रणा आली. तिच्यातील दोष कानाने किंवा धुराच्या रंगाने पुरेसा ओळखता येत नाही. त्यासाठी स्कॅनर लावून आकडे वाचावे लागतात. ते उपकरण व त्या आकड्यांचा अर्थ ज्याच्याकडे नाही, त्याचे वीस वर्षांचे कसब दाराबाहेर उभे राहते. यावरून दिसून येईल की गावच्या मिस्त्रीस फीत काढणाऱ्या दुसऱ्या मिस्त्रीपासून जेवढे भय आहे, त्याहून अधिक भय या बंद पेटीपासून आहे.

मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न देशात पूर्वीच निर्णयासाठी आला होता. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि दोष शोधण्याची उपकरणे स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांस मिळू न देणे हे स्पर्धेस बाधक आहे, असे आयोगाने ठरविले आणि एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड आकारला. प्रकरण पुढे अपिलात गेले. परंतु स्वतंत्र मिस्त्रीस माहिती मिळण्याचा प्रश्न हा न्यायाचा प्रश्न आहे, ही गोष्ट त्यातून ठळकपणे पुढे आली. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. तिने विचारात घेतलेल्या क्षेत्रांत शेतीची यंत्रे हे एक प्रमुख क्षेत्र होते. त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, या विषयाचे संकेतस्थळ सुरू करण्यात आले.

परदेशांतील शेतकऱ्यांचा अनुभवही याहून निराळा नाही. अमेरिकेत मोठ्या ट्रॅक्टरांच्या दुरुस्तीसाठी विक्रेत्याच्या माणसाची वाट पाहावी लागते, या तक्रारीने तेथील शेतकरी कित्येक वर्षे झगडत होते. जानेवारी २०२३ मध्ये जॉन डिअर कंपनी आणि तेथील शेतकऱ्यांची मोठी संघटना यांच्यात याविषयी लेखी समझोता झाला. कोलोराडो राज्याने त्याच वर्षी कायदा केला व १ जानेवारी २०२४ पासून शेतीयंत्रांच्या उत्पादकांवर पुस्तिका, भाग व उपकरणे पुरविण्याचे बंधन घातले. हजारो एकरांचा मालक असलेल्या शेतकऱ्यासही जे कुलूप जाचते, ते दोन-तीन एकरांच्या बागायतदारास आणि त्याच्या मिस्त्रीस किती जाचेल, याची कल्पना करता येईल.

म्हणून शेतकरी आणि मिस्त्री यांनी परस्परांकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. दोघेही एकाच दारापाशी उभे आहेत. मिस्त्रीने शेतकऱ्यापासून विद्या झाकावी आणि कंपनीने मिस्त्रीपासून झाकावी, ही साखळी कोठे तरी तुटली पाहिजे. कंपनीकडे मोकळेपणा मागणाऱ्या मिस्त्रीने आपल्या परीने तो दाखविला, तर त्याच्या मागणीस वजन येईल.

मोकळ्या ज्ञानातील धोके

विद्या मोकळी असावी याचा अर्थ समोर दिसेल ती फीत खरी मानावी असा नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणाऱ्यांची संख्या येथेही कमी नाही. एका नमुन्याच्या ट्रॅक्टरचे टॅपेटचे अंतर दुसऱ्यास चालत नाही. काही इंजिनांत ते गार असताना मोजतात, काहींत गरम असताना. फितीत सांगितलेला आकडा आपल्या यंत्राचा आहे काय, हे पुस्तिकेवरून ताडून पाहिल्याशिवाय पाना उचलू नये. काही फिती केवळ एखादे तेल किंवा भुकटी खपविण्यासाठी केलेल्या असतात, हेही ध्यानी धरावे.

जीवास अपाय होईल अशी कामे तर निश्चितपणे वेगळी काढली पाहिजेत. नोझलचा फवारा तपासताना त्यापुढे हात कधीही धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ती गंभीर असते आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. नव्या पद्धतीच्या इंजिनांत हा दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या शेकडो पट असतो. म्हणून तेथे नळीचा नट ढिला करून हवा काढण्याचा जुना प्रयोग मुळीच करू नये. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे, केवळ जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली किंवा हायड्रॉलिकवर अधांतरी असलेल्या अवजाराखाली शिरणे, पी.टी.ओ. फिरत असताना त्याजवळ सैल कपड्यांनी जाणे, ही कामे फीत पाहून करावयाची नव्हेत. ब्रेक व स्टिअरिंग यांची दुरुस्ती जाणत्या मिस्त्रीकडूनच करवून घ्यावी. भरलेल्या ट्रॉल्या घेऊन रस्त्याने जाणाऱ्या ट्रॅक्टरवर इतरांचेही जीव अवलंबून असतात. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर ते उघडण्यापूर्वी हमीपत्र वाचावे.

चांगला मिस्त्री काय करावे हे जसे सांगतो तसेच काय करू नये हेही सांगतो. झाकल्या विद्येतून अपघात टळत नाहीत. उलट, माहीतगाराने मौन धरले म्हणजे ती जागा अर्धवट माहितीचा बोलका माणूस घेतो. खोट्या फितीवर उपाय खऱ्या फितीचाच आहे.

काय करता येईल?

शेतकऱ्यांनी प्रथम यंत्राबरोबर आलेली पुस्तिका कपाटातून बाहेर काढावी. तासांच्या मीटरवरील आकडा, ऑइल व फिल्टर बदलल्याची तारीख आणि झालेली दुरुस्ती एका वहीत लिहून ठेवावी. ही वही पाहून मिस्त्रीचा अर्धा वेळ वाचतो. फोनवरून विचारलेला सल्ला फुकटचा समजू नये. मिस्त्रीने दोन वाक्यांत अडचण दूर केली आणि हंगामातील एक खेप वाचली, तर त्याचे मोल दिले पाहिजे. ज्ञान मोकळे असणे आणि ज्ञान्याचे श्रम फुकट असणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

मिस्त्रींनी काम झाल्यावर काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, तो का गेला हे सांगावे आणि भाग व मजुरी वेगवेगळी लिहून पावती द्यावी. फीत करावयाची असल्यास तीत यंत्राचा नमुना व वर्ष स्पष्ट सांगावे, आणि आपले नाव व गाव घालावे. वाणाबरोबर जसे शोधकाचे नाव गेले तसेच चांगल्या फितीबरोबर मिस्त्रीचे नाव जाते आणि ते गिऱ्हाईक घेऊन परत येते. हाताखालच्या पोरास टायमिंग लावताना चहास न पाठविता जवळ बसवून घ्यावे. नवी यंत्रे एकट्याने शिकण्याचा काळ आता गेला आहे. चार गॅरेजांनी मिळून एक स्कॅनर घेतला आणि त्यावर सापडलेले दोष एकमेकांस सांगितले, तर बंद पेटीपुढे हतबल होण्याचा प्रसंग कमी येईल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम या दोहोंना एकत्र आणण्याचे आहे. गाळप संपल्यावर आणि पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वी, पावसाळ्यातील मोकळ्या दिवसांत, गावात यंत्रनिगेचे एक दिवसाचे शिबिर घेता येईल. त्यास पंचक्रोशीतील मिस्त्रीस शिक्षक म्हणून बोलवावे व मानधन द्यावे. शहरातील तज्ञास जे दिले जाते ते गावच्या तज्ञास देताना हात आखडू नये. बारामतीजवळील कृषी विज्ञान केंद्र आणि जवळची औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांचा सल्ला अशा वेळी घ्यावा. शिबिरास स्त्रियांनाही आवर्जून बोलवावे. शेतीचा कारभार पाहणाऱ्या अनेकींना यंत्राचे ज्ञान देण्याचा विचार अद्याप फारसा कोणी केलेला नाही. गावात वरचेवर घडणारे चार-पाच बिघाड, त्यांची लक्षणे आणि स्वतः किती करावे व कोठे थांबावे, हे जाणकाराकडून तपासून पंचायतीच्या फलकावर लावावे.

शेवटची सूचना खरेदीविषयी आहे. ट्रॅक्टर घेताना अश्वशक्ती, किंमत व अनुदान यांची चौकशी सर्वजण करतात. दुरुस्तीची चौकशी फार थोडे करतात. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. आज त्या संस्थेत शेतीयंत्रांची परीक्षा होते व परीक्षेचे अहवाल उपलब्ध असतात. ते पाहावे. मराठी पुस्तिका आहे काय, सुट्या भागांची यादी मिळते काय, दोषांच्या आकड्यांचा तक्ता देणार काय आणि बाहेरच्या मिस्त्रीस उपकरण विकत मिळते काय, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. अवजार बँका व गट यांनी तर हे लेखी मागावे. सार्वजनिक पैशाच्या साहाय्याने घेतलेल्या यंत्राची दुरुस्तीची माहिती बंद राहू नये, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. एकट्या गिऱ्हाइकाचा प्रश्न विक्रेता हसण्यावारी नेईल. शंभर गिऱ्हाइकांनी तोच प्रश्न विचारला तर कंपनीस उत्तर द्यावे लागेल.

कन्हेरीच्या रस्त्यावर बंद पडलेल्या ट्रॅक्टरपाशी पुन्हा जाऊन पाहू. डिझेल संपून साध्या पंपात हवा शिरली असेल, तर चालकाने ती स्वतः काढून अर्ध्या तासात वाटेस लागावे. पंपच गेला असेल, तर त्याने फीत बंद करावी, मिस्त्रीस फोन लावावा आणि धूर कसा होता, आवाज कोणता आला, मीटरवर किती तास झाले हे नीट सांगावे. म्हणजे मिस्त्री योग्य तो भाग बरोबर घेऊनच निघेल. पहिल्या कामात मिस्त्रीचे फारसे काही जात नाही, आणि दुसऱ्या कामात त्याच्यावाचून काही चालत नाही. एवढी समज दोघांत निर्माण झाली, तर मोळी कारखान्याच्या गव्हाणीत वेळेवर पडेल आणि मिस्त्रीच्या घरची चूलही पेटती राहील.